ज्याला आपण ‘मामा’ म्हणतो



ही पोस्ट वाचून तुमच्यातले काही जण चिडणार, हे मला माहीत आहे. चिडा, पण आधी शेवटपर्यंत वाचा. आज मी पोलिसांबद्दल लिहितेय, आणि शिव्या द्यायला नाही.

आपल्याकडं खाकीतल्या माणसाला ‘मामा’ म्हणायची पद्धत आहे. सिग्नलला गाडी अडवली की आपोआप तोंडातून निघतं, ‘मामा, सोडा की ओ!’ माझा तर सख्खा मामाच पोलीस आहे. कर्नाटक पोलिसांत हेड कॉन्स्टेबल. घरात मराठी, ठाण्यात कन्नड, नोकरीला वीसेक वर्षं झालीत. त्याचं नाव, गाव, ठाणं यातलं काहीच मी लिहिणार नाही. का, ते पुढं येईलच.

दोन वर्षांमागचा १ नोव्हेंबर. हा दिवस आपल्याकडं कसा असतो ते सीमाभागात कुणाला सांगायला नको. सकाळी काळ्या दिनाची सायकल फेरी, आणि नंतर रात्री उशिरापर्यंत राज्योत्सवाची मिरवणूक. बंदोबस्ताला माणसं तीच. मी मैत्रिणींबरोबर काळे कपडे घालून फेरीत होते. एका चौकात लाठ्या घेतलेल्या पोलिसांची रांग उभी होती आणि त्या रांगेत डावीकडून तिसरा माझा मामा. आमची नजरानजर झाली. त्यानं मान फिरवली. मी घोषणा देत पुढं गेले, पण आवाज जरा उतरला होता, खोटं कशाला बोलू.

त्या रात्री मी आजीकडंच मुक्कामाला होते. पहाटे चार वाजता मामा घरी आला. आदल्या दिवशी पहाटे पाचला निघालेला. म्हणजे तेवीस तास. दारातल्या पायरीवर बसून तो बूट काढायला लागला, पण पाय इतके सुजले होते की बूट निघेना. मी खाली बसले, नाड्या पूर्ण सोडल्या आणि टाच धरून एकेक बूट ओढून काढला. मोज्यांचे वळ पोटरीवर उठले होते.

मी म्हटलं, ‘मामा, रजा टाक उद्या.’

तो हसला. ‘कुठली रजा गं? दहाला हजेरी हाय.’

फेरीबद्दल तो एक शब्द बोलला नाही. मीही नाही.

मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी. राज्यसंस्था म्हणजे काय, सक्तीचा अधिकार कुणाकडं असतो, हे सगळं परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. पण राज्यसंस्थेचे पाय सुजतात, हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. कॉलेजात प्रोजेक्टसाठी विषय निवडायचा होता, मी हाच घेतला. जे सापडलं ते तुम्हाला सांगतेय.

आधी आकडे. २०१४ साली पोलीस संशोधन व विकास ब्यूरोनं हैदराबादच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजकडून देशातल्या पोलीस ठाण्यांचा अभ्यास करून घेतला. त्यात दिसलं की ठाण्यातले जवळपास ९० टक्के कर्मचारी रोज आठ तासांपेक्षा जास्त काम करतात. ठाणं चालवणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त जणांनी सांगितलं की आमची माणसं रोज अकरा तास किंवा त्याहून जास्त राबतात. चारातल्या जवळपास तिघांना महिन्यातून एकदासुद्धा साप्ताहिक सुट्टी मिळत नव्हती. नंतर २०१९ मध्ये कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस या संस्थांनी २१ राज्यांतल्या सुमारे १२ हजार पोलिसांना विचारून अहवाल काढला. तिथं कामाची सरासरी निघाली दिवसाला १४ तास. निम्म्या पोलिसांना साप्ताहिक सुट्टी हा प्रकारच नव्हता. चारांतले तिघे म्हणाले की कामाच्या बोज्यामुळं शरीराला आणि मनाला त्रास होतो.

हे आकडे वाचून ‘बिचारे’ म्हणून पुढं जाऊ नका, कारण हा आपल्याही जिवाचा प्रश्न आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा २००० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. सलग १७ ते १९ तास जागं राहिलेल्या माणसाचं डोकं, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकंच किंवा त्याहून वाईट चालतं, असं त्यांना आढळलं. आता आपला मोटार वाहन कायदा बघा. गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली तर गुन्हा. म्हणजे ०.०३ टक्के. हिशेब तुम्हीच करा. रात्री अकराला नाकाबंदीवर आपल्या तोंडासमोर यंत्र धरणारा मामा जर पहाटे पाचला उठलेला असेल, तर त्याच यंत्राच्या हिशेबानं तो स्वतः गाडी चालवायच्या लायकीचा राहिलेला नसतो. आणि त्याच्या हातात लाठी असते. कधी बंदूकही असते.

माणसं कमी आहेत हे खरंच. १ जानेवारी २०२० ला देशात पोलिसांची मंजूर पदं २६ लाखांच्या वर होती आणि त्यांतली ५ लाख ३१ हजार रिकामी होती. त्या रिकाम्या जागांचं काम भरलेल्या जागांवरच्या माणसांच्या पाठीवर येतं. भरती करा, हे उत्तर सोपं आहे. आपल्यातली किती तरी पोरं रोज पहाटे मैदानावर पळतात, काही मराठा लाइट इन्फंट्रीचं स्वप्न बघत, काही पोलीस भरतीचं. त्या पोरांसाठी पुढचा भाग नीट वाचा.

मामाला तासांचं तसं फार दुःख नाही. ‘काम काय, शेतातबी माणूस मरस्तोवर करतोच की,’ म्हणतो. त्याला खुपतं ते वेगळं. सकाळच्या हजेरीला वीस-पंचवीस जण उभे असतात. त्यांच्यासमोर, काल भरती झालेल्या पोरांसमोर, साहेब एकेरीवर येतात. वय बघत नाहीत, सर्व्हिस बघत नाहीत. कन्नडमध्येही आपल्यासारखंच आहे, अहो-जाहो वेगळं आणि अरे-तुरे वेगळं. मामाच्या निम्म्या वयाचा अधिकारी त्याला अरे-तुरे करतो आणि मामा त्याला सॅल्यूट मारतो. त्याच २०१९ च्या अहवालात पाचांतल्या दोघा पोलिसांनी सांगितलंय की वरिष्ठ वाईट भाषेत बोलतात. चारांत एकापेक्षा जास्त म्हणाले की साहेब घरची कामं सांगतात. भाजी आणणं, पोरांना शाळेत सोडणं, कुत्रं फिरवणं. यालाच ऑर्डर्ली पद्धत म्हणतात. २०२२ साली मद्रास उच्च न्यायालयानं या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. इंग्रज जाऊन किती वर्षं झाली ते मोजा.

एक प्रसंग सांगते. माझे आजोबा, म्हणजे मामाचे वडील, वारले तेव्हा विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन तोंडावर होतं. तुम्हाला माहीत आहे, सुवर्णसौधमध्ये अधिवेशन भरलं की राज्यभरातले पोलीस बेळगावात येतात आणि इथल्यांच्या रजा बंद होतात. मामाला कशीबशी रजा मिळाली, तीही तेराव्याच्या आत हजर व्हायच्या अटीवर. डोक्याचे केस काढलेले, त्यामुळं टोपी बसेना. सारखी कपाळावर घसरायची. हजेरीला साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘काय रे, तिरुपतीला जाऊन आलास काय?’ रांगेतले सगळे हसले. ‘मग मीबी हसलो,’ मामा म्हणाला. हे सांगताना तो हसत नव्हता.

साहेबांना ठाऊक नव्हतं असं नाही. रजेच्या अर्जावर त्यांचीच सही होती.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले ती सांगते. मामाला विचारून सांगतेय.

त्या हजेरीनंतर चार-पाच दिवसांनी मामा रात्री एका नाक्यावर ड्युटीला होता. सकाळपासून उभा. एक पोरगा बिनहेल्मेटचा आला. थांब म्हटलं तर थोडं पुढं जाऊन थांबला. मामानं जाऊन त्याच्या कानफाटात दिली. ‘तुझ्याच वयाचा असंल,’ मामा म्हणाला. ‘चूक होती त्याची. पावती फाडायची चूक. कानाखाली मारायची नव्हती.’ मग थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘तो रडकुंडीला येऊन म्हणत होता, मामा सोडा की ओ, मामा सोडा की ओ. मराठीत. आणि मी त्याच्यावर कन्नडमध्ये ओरडत होतो.’

मी विचारलं, का मारलास?

‘काय म्हाईत. हात उठला.’

मामाला ठाऊक नसेल, पण मला वाटतं मला ठाऊक आहे. साहेबांना वरच्या साहेबांनी झापलेलं असतं. साहेब पीएसआयला झापतात, पीएसआय हवालदाराला, हवालदार शिपायाला. शिपायाच्या खाली पोलीस खात्यात कुणी नसतं. त्याच्या खाली असतो तो रिक्षावाला, हातगाडीवाला, बिनहेल्मेटचा पोरगा, आणि मोर्चात पुढच्या रांगेत असणारे आपण. अपमान वरून खाली येतो आणि शेवटी आपल्या गालावर उमटतो. पुस्तकात याला संस्थात्मक संस्कृती म्हणतात. आपल्या भाषेत, वड्याचं तेल वांग्यावर.

मग पोलीस बोलत का नाहीत? कारण त्यांना बोलता येत नाही. राज्यघटनेचं कलम ३३ संसदेला अधिकार देतं की सैन्य, पोलीस अशा दलांतल्या लोकांचे मूलभूत हक्क कमी करता येतील. त्याच आधारावर १९६६ चा पोलीस दले (हक्कांवर निर्बंध) कायदा आला. परवानगीशिवाय संघटना करायची नाही, वर्तमानपत्राशी बोलायचं नाही, मागण्यांसाठी निदर्शनं करायची नाहीत. गिरणी कामगाराला, शिक्षकाला, बँकेतल्या कारकुनाला जे हत्यार आहे ते शिपायाला नाही. मामाचं नाव मी का लिहिलं नाही, ते आता कळलं असेल. केरळमध्ये पोलिसांची मान्यताप्राप्त संघटना आहे, म्हणजे मनात आणलं तर होऊ शकतं. पण बहुतेक सरकारांना शिपायाच्या संघटनेची भीती वाटते, आणि त्याला इतिहास आहे. १८ ऑगस्ट १९८२ ला मुंबईत पोलिसांनीच बंड केलं. त्याआधी १५ ऑगस्टला काळ्या फिती लावल्या होत्या. सरकारनं त्यांच्या संघटनेची मान्यता काढली, पुढाऱ्यांना पकडलं आणि मुंबईच्या रस्त्यांवर लष्कर आणलं.

आपल्या राज्यात २०१६ साली असाच प्रयत्न झाला. कर्नाटकातल्या पोलिसांनी ४ जूनला सामूहिक रजेवर जावं अशी हाक दिली गेली. मागण्या काय होत्या? बरा पगार, साप्ताहिक सुट्टी, वरिष्ठांचा जाच थांबवा, ऑर्डर्ली पद्धत बंद करा. हाक देणाऱ्या पुढाऱ्याला अटक झाली आणि त्याच्यावर राजद्रोहाचं कलम लागलं. आठवड्याची एक सुट्टी मागणं म्हणजे राजद्रोह! हे कलम काय चीज असते ते आपल्या चळवळीतल्या पोरांना वेगळं सांगायला नको. रजेचा तो दिवस तसाच विरून गेला. पुढं सरकारनं औरादकर समिती नेमली आणि २०१९ मध्ये पगार वाढले. मामा म्हणतो, पगार वाढला ते चांगलंच झालं. पण हजेरीची भाषा कुठल्या समितीनं वाढवली नाही की कमी केली नाही.

त्याच २०१६ च्या जुलैमध्ये, दोन-तीन दिवसांच्या अंतरानं, कर्नाटकात दोन डीवायएसपींनी आत्महत्या केली. दोन्ही प्रकरणं वेगळी होती, आणि मी त्यांची सरमिसळ करत नाही. पण ते दिवस मामाला अजून आठवतात. ठाण्यात त्यावर कुणी मोठ्यानं बोललं नाही. ‘मन बरं नाही असं पोलिसानं सांगायचं कुणाला? सांगितलं तर पहिल्यांदा म्हणणार, हा कमजोर आहे, ह्याला बंदूक देऊ नका. मग पोरं हसणार,’ मामा म्हणाला. त्याला स्वतःला बीपी आहे, साखर आहे. दोन्हींच्या गोळ्या चालू आहेत. झोपेची गोळी कधी कधी घेतो, ते मामीनं सांगितलं, त्यानं नाही.

आणि बायकांचं तर आणखी वेगळं. माझ्या मैत्रिणीची बहीण शिपाई आहे. बंदोबस्ताच्या दिवशी ती सकाळपासून पाणी पीत नाही. तहान लागत नाही म्हणून नव्हे, जायला जागा नसते म्हणून. २०१९ च्या अहवालात पाचांतल्या एका महिला पोलिसानं सांगितलंय की आमच्या ठाण्यात बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह नाही. ही ठाण्याची गोष्ट झाली. चौकात काय असतं ते सांगायला नकोच.

आता तुमच्या प्रश्नांकडं येते. मला ते ऐकू येतायत.

पहिला प्रश्न: ‘१ जून १९८६ विसरलीस काय? २०१४ ला येळ्ळूरमध्ये काय झालं ते विसरलीस काय?’ नाही विसरले. हिंडलग्याच्या स्मारकावर मी दरवर्षी जाते. येळ्ळूरचे ते व्हिडिओ मी शाळेत असताना बघितलेत आणि त्या रात्री झोपले नव्हते. दमलेला होता म्हणून मारणाऱ्याला माफ करा, असं मी म्हणत नाही. मामानं त्या पोराला मारलं ती मामाची चूक, साहेबांची नाही. हे मामाच म्हणतो. मारणाऱ्या प्रत्येक हाताची चौकशी व्हायला पाहिजे. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २२ सप्टेंबर २००६ ला सात आदेश दिले, त्यांत पोलिसांविरुद्ध तक्रारींसाठी प्राधिकरण हवं, हाही एक होता. राज्य पातळीवर आणि जिल्हा पातळीवरही. आपल्यातल्या किती जणांनी तिथं कधी अर्ज केलाय? मी दोन्ही गोष्टी मागतेय. दोषी पोलिसाला शिक्षा, आणि पोलिसाला माणसासारखी नोकरी. एक मागितली म्हणून दुसरी सोडायची नसते.

दुसरा प्रश्न: ‘पैसे खातात त्याचं काय?’ खातात त्यांना पकडा. पण उपाशी ठेवलेल्या, जागवलेल्या, अपमानित केलेल्या माणसाकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा करणारं खातं स्वतः किती प्रामाणिक आहे, हेही विचारा. बंदोबस्ताला दिलेलं जेवणाचं पाकीट दुपारी तीनला येतं आणि डाळ आंबलेली असते, तेव्हा शिपाई कोपऱ्यावरच्या हॉटेलात जातो. तिथं बिल कोण देणार, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

तिसरा प्रश्न जरा अवघड आहे. ‘महाराष्ट्रात असतो तर असं झालं नसतं.’ मलाही असंच वाटायचं. पण मामीचा भाऊ महाराष्ट्र पोलिसांत आहे, कोल्हापूर जिल्ह्यात. दिवाळीला दोघं भेटले की तासभर एकच विषय, आणि दोघांच्या गोष्टी इतक्या सारख्या की कोण कुठल्या राज्याचा ते फक्त साहेबांच्या शिव्यांच्या भाषेवरून कळतं. सीमा इकडून तिकडं गेली तर आपली पाटी बदलेल, कागद बदलतील, आणि त्यासाठीच आपण लढतोय. शिपायाची पाठ मात्र आपोआप बदलणार नाही. दोन्हीकडचा साचा एकच आहे, १८६१ च्या पोलीस कायद्याचा. १८५७ नंतर इंग्रजांना हुकूम पाळणारा शिपाई हवा होता, विचार करणारा नको होता. त्या कायद्यात लिहिलंय की पोलीस कायम ड्युटीवर आहे असं समजावं. पुढं महाराष्ट्राचा १९५१ चा कायदा आला, कर्नाटकाचा १९६३ चा आला, पण ‘कायम ड्युटीवर’ काही सुटलं नाही. १९७७ ला केंद्रानं धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला. १९७९ मधला त्याचा पहिलाच अहवाल शिपायांबद्दल होता. त्यांचे तास, त्यांची घरं, त्यांच्या तक्रारी. तेव्हा माझी आई जन्मली नव्हती.

तरी बदल होतो, त्याचं एक उदाहरण मुंबईतलंच आहे. २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यातल्या एका साध्या शिपायानं कागदावर हिशेब मांडला की आहे त्याच माणसांत आठ तासांची पाळी कशी बसवता येईल. तो हिशेब घेऊन तो थेट तेव्हाचे आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांच्याकडं गेला. आयुक्तांनी त्याला हाकलून लावलं नाही, ऐकून घेतलं. आधी देवनारला करून बघितलं आणि जानेवारी २०१७ मध्ये मुंबईतल्या सगळ्या ठाण्यांत लागू केलं. ही गोष्ट मी मामाला सांगितली तेव्हा आठ तासांचं त्याला विशेष वाटलं नाही. तो दोनदा विचारत राहिला, ‘शिपाई आयुक्तांच्या केबिनमध्ये गेला? आणि त्यांनी ऐकलं?’

म्हणून माझं म्हणणं एवढंच. ज्याचं ठाण्यात कुणी ऐकून घेत नाही, तो रस्त्यावर आपलं ऐकून घेणार नाही. आपण हक्कांची भाषा बोलणारी पोरं आहोत. भाषेचा हक्क, कागदपत्रं मराठीत मिळायचा हक्क, सभा घ्यायचा हक्क. हे सगळे हक्क प्रत्यक्षात कुणाच्या हातून मिळतात किंवा तुडवले जातात? चौकात उभ्या असलेल्या त्या शिपायाच्या. मग त्याच्या हक्कांबद्दल आपण गप्प बसायचं कारण काय? तो स्वतः बोलू शकत नाही, कायद्यानं. आपण बोलू शकतो.

काय करता येईल? मोठं काही सांगत नाही.

दर डिसेंबरला सगळे आमदार बेळगावात येतात. मामा आणि त्याच्यासारखे हजारो जण त्या इमारतीबाहेर उभे असतात. कुणी गदगचा, कुणी विजापूरचा, शाळेच्या वर्गात नाहीतर मंगल कार्यालयात सतरंजीवर झोपलेला. आपल्या आमदाराला, तो कुठल्याही पक्षाचा, कुठल्याही भाषेचा असो, पत्र लिहा. सभागृहात एवढंच विचारा म्हणावं: या बंदोबस्तातल्या माणसाला किती तासांनी बदली मिळते? अधिवेशन संपल्यावर बदली रजा किती जणांना मिळाली? रजा नाकारली तर कारण लेखी देता काय? महिला पोलिसांसाठी चौकात सोय काय? माहितीच्या अधिकारातही हे मागता येतं, आणि तो अर्ज कुणीही नागरिक करू शकतो. ठाण्याच्या फलकावर आठवड्याच्या सुट्टीचं वेळापत्रक नावांसकट लागलं तरी निम्मा फरक पडेल, असं मामाचं मत आहे. कारण मग सुट्टी ही साहेबांची मेहेरबानी राहत नाही.

आपल्या मोर्चात आपण पाण्याचे कॅन ठेवतो. दोन कॅन त्यांच्या बाजूला ठेवा. यानं लाठी थांबेल अशा भ्रमात मी नाही. पण समोरच्या रांगेत माणसं आहेत हे निदान आपण तरी विसरायला नको.

आणि भरतीसाठी पळणाऱ्या माझ्या भावांनो, बहिणींनो, जरूर व्हा पोलीस. आपल्यातली पोरं त्या खात्यात असायलाच पाहिजेत. पण ज्या दिवशी तुमच्या हाताखाली एक शिपाई येईल, त्या दिवशी त्याला अहो म्हणा. आणि तुमच्या घरात कुणी खाकीत असेल, तो गप्प राहत असेल, झोपत नसेल, तर त्याला एकटं सोडू नका. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा आहे, १४४१६ या नंबरवर. हा नंबर मी मामाच्या फोनमध्ये ‘गॅस बुकिंग’ या नावानं सेव्ह करून दिलाय. त्याला दुसरं नाव चाललं नसतं.

ही पोस्ट टाकायच्या आधी मी मामाला पूर्ण वाचून दाखवली. मला वाटलं तो कानफाटातली गोष्ट काढ म्हणेल. तो म्हणाला, राहू दे. मग बराच वेळ गप्प बसून म्हणाला, ‘एक लिहायचं राहिलंय. त्या पोराला मी दंडाची पावती दिली, गाडीची किल्ली परत दिली, पण चुकलं म्हणालो नाही. तेबी लिही.’

लिहिलं, मामा.